आधी प्रत, मग परीक्षा : बिघडू लागलेल्या हार्ड डिस्कची चिन्हे आणि आपले कर्तव्य

भिलाई पोलाद कारखान्याचा रूळ देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेला आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्यासाठी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि १९६० पासून येथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. रूळ बाहेरून कितीही निर्दोष दिसला तरी त्याच्या पोटात बारीक भेग असू शकते. म्हणून कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी, आणि पुढे लोहमार्गावर बसविल्यानंतरही ठरावीक काळाने, मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्याची तपासणी केली जाते. धोकादायक भेग आढळली, तर त्या जागी गाड्यांचा वेग कमी केला जातो, रुळाला तात्पुरता आधार दिला जातो आणि तो बदलला जातो. "अजून तुटलेला नाही ना, मग या महिन्याची वाहतूक होऊन जाऊ द्या," असे तेथे कोणी म्हणत नाही.

आपल्या संगणकातील हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र आपण बहुधा हेच म्हणतो. संगणक मध्येच अडखळतो, एखादी फाईल उघडण्यास नकार देतो, पेटीतून टकटक असा आवाज येतो. आणि तरीही "एवढे विवरणपत्र भरून होऊ द्या, मग पाहू" असे म्हणून आपण काम पुढे रेटतो. पुष्कळदा ते 'मग' येण्यापूर्वीच डिस्क कायमची मिटते. अशा वेळी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय मुळीच करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पणाला काय लागते?

बँकेतील आपली शिल्लक आपल्या संगणकात नसते. ती बँकेच्या केंद्रीय प्रणालीत नोंदलेली असते आणि त्या नोंदींची दुसरी प्रत दूरच्या शहरातील पर्यायी केंद्रात सतत तयार होत असते. त्यामुळे आपला संगणक जळून गेला तरी खात्यातील एक रुपयाही कमी होत नाही. मात्र बँकेकडे जे नसते, ते फक्त आपल्याकडेच असते, याचा आपल्याला विसर पडतो.

समजा, भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत एका ग्राहकाचे सुटे भाग बनविण्याचे छोटे वर्कशॉप आहे. त्याचे बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे. प्रत्येक महिन्यात त्याला बँकेकडे मालसाठ्याचे आणि येणेकऱ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते. त्यावरून त्याची पैसे उचलण्याची मर्यादा ठरते. महिन्याच्या वीस तारखेला वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरावे लागते. बिले, कोणाकडून किती येणे आहे याची यादी, कामाचे आराखडे, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे तपशील, हे सारे कार्यालयातील एकाच संगणकात आहे. ती डिस्क गेली, तर बँक त्याला खातेउतारा देऊ शकेल. पण कोणत्या बिलापोटी कोणी किती द्यायचे आहे, हे बँक सांगू शकणार नाही. येणेकऱ्यांची यादी सिद्ध करता आली नाही, तर उचल अडते. उचल अडली, तर पगार आणि कच्चा माल अडतो.

कायद्याचेही बंधन आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम २०१७ च्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार आठ वर्षांची हिशेबपुस्तके ठेवावी लागतात. आणि ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. 'हार्ड डिस्क बिघडली' हे कारण सांगून ही जबाबदारी टळत नाही.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या आणि आता मुलांचे लग्न, नातवंडांचे बारसे यांची छायाचित्रे संगणकात जपून ठेवणाऱ्या गृहस्थाचे नुकसान तर पैशात मोजताच येत नाही.

तबकडीच्या पोटात

चिन्हांचा अर्थ कळण्यासाठी आतील रचना थोडी समजून घेणे इष्ट आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवाढव्य यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर मावतो. परंतु मूळ तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरतात आणि एका बारीक दांडीच्या टोकावरील हेड त्यांवरील मजकूर वाचते व लिहिते.

डेस्कटॉप संगणकातील सर्वसाधारण डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीची बाहेरची कड त्यामुळे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. हेड तबकडीला टेकलेले नसते. ते हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. हे अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. आपल्या डोक्याचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो.

आता विचार करावा की हे हेड कधी तबकडीला घासले तर काय होईल? लेपावर ओरखडा उठेल, त्यातून सूक्ष्म कण सुटतील, ते कण पुन्हा हेड आणि तबकडी यांच्यामध्ये येतील आणि नवे ओरखडे उठतील. म्हणजे बिघडलेली डिस्क चालू ठेवल्याने बिघाड होता तेवढाच राहत नाही, तो वाढत जातो. पुढील सर्व सूचनांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

डिस्कमध्ये आणखी एक सोय असते. तबकडीवरील जागा लहान लहान सेक्टरमध्ये विभागलेली असते आणि काही सेक्टर राखीव ठेवलेले असतात. एखादा सेक्टर खराब झाला, तर डिस्क गाजावाजा न करता त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागते व त्याची नोंद ठेवते. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या 'स्मार्ट' नावाच्या स्वयंनिरीक्षण व्यवस्थेत अशा अनेक नोंदी होतात. रुळाच्या पोटातील भेग दाखविणाऱ्या ध्वनिलहरींचे काम येथे ही व्यवस्था करते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' यांसारख्या मोफत प्रोग्रॅमच्या साहाय्याने या नोंदी कोणालाही वाचता येतात.

चिन्हे कशी ओळखावीत?

सोयीसाठी चिन्हांचे तीन गट करता येतील.

पहिला गट मूक चिन्हांचा. संगणक व्यवस्थित चालतो. परंतु 'स्मार्ट' नोंदींमध्ये बदललेल्या सेक्टरांची संख्या, बदलण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या किंवा दुरुस्त न होऊ शकलेल्या सेक्टरांची संख्या शून्याच्या वर गेलेली दिसते. तेथे 'सावधान' असा पिवळा शेरा येतो. कधी संगणक सुरू होताना किंवा विंडोजमध्येच डिस्कविषयी इशारा झळकतो.

दुसरा गट अडखळण्याचा. एखादी विशिष्ट फाईल उघडताना संगणक मिनिट मिनिट गोठतो. प्रत करताना मध्येच 'वाचता आले नाही' असा संदेश येतो. फोल्डरांची नावे विचित्र चिन्हांनी भरतात. कालपर्यंत असलेली फाईल दिसेनाशी होते. निळा पडदा वारंवार येतो.

तिसरा गट यांत्रिक बिघाडाचा. ठरावीक लयीत टकटक, घासल्यासारखा करकर आवाज, सुरू होण्याचा प्रयत्न करून थांबणारी मोटर, अथवा संगणकाला डिस्क अस्तित्वातच नसल्यासारखी वाटणे. लॅपटॉप हातून पडल्यानंतर किंवा पाण्यात भिजल्यानंतर असे काही आढळले, तर तेही याच गटात धरावे.

येथे एक विवेक हवा. संगणक मंद चालतो म्हणजे डिस्क बिघडलीच, असे नव्हे. जागा भरत आली असेल, मेमरी अपुरी असेल किंवा विषाणूंचा प्रादुर्भाव असेल, तरीही मंदपणा येतो. 'स्मार्ट' नोंदींत 'सीआरसी' प्रकारच्या चुका वाढत असतील, तर पुष्कळदा दोष डिस्कचा नसून सैल किंवा जुन्या केबलचा असतो. संगणक बंद करून केबल बदलली की काम भागते. त्याचप्रमाणे काम थांबल्यावर हेड आपल्या जागी विसावताना होणारा एखादा हलका आवाजही स्वाभाविक असतो. मात्र निदान काहीही होवो, प्रत घेण्यासाठी निदानाची वाट पाहू नये. केबलचा दोष निघाला, तर एक जादा प्रत आपल्या हाती राहील, इतकेच.

आकडे काय सांगतात?

या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास गुगल कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्या केंद्रांतील एक लाखाहून अधिक डिस्कची माहिती तपासली. त्यातील दोन निष्कर्ष आपल्या दृष्टीने मोलाचे आहेत.

पहिला असा की, पृष्ठभागाच्या अंतर्गत तपासणीत एखाद्या डिस्कमध्ये पहिली चूक आढळली, तर पुढील ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट वाढते. म्हणजे पहिला इशारा हा खराच इशारा मानला पाहिजे.

दुसरा निष्कर्ष याच्या नेमका उलट बाजूचा आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये, तापमान वगळता, 'स्मार्ट' व्यवस्थेने कोणतीही प्रतिकूल नोंद केलेली नव्हती. म्हणजे तीनपैकी एकीहून अधिक डिस्क काही न सांगता गेल्या. यावरून बोध असा की, चिन्ह दिसले तर त्वरित हालचाल करावी. पण चिन्ह दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

याच अभ्यासात उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध अपेक्षेपेक्षा दुबळा आढळला. तथापि ती पाहणी नियंत्रित हवेच्या केंद्रांतील होती. छत्तीसगडच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील कार्यालयात ठेवलेल्या संगणकाला ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. संगणकाचा पंखा धुळीने बुजलेला असेल, तर ती गाठण्यास वेळ लागत नाही.

चिन्ह दिसताच काय करावे?

सर्वांत महत्त्वाचे सूत्र असे : वाचवायचे आहे ते डिस्कला नव्हे, तिच्यातील माहितीला. डिस्क काही हजार रुपयांत नवी मिळते. म्हणून कामाचा क्रम 'आधी प्रत, मग परीक्षा' असाच असला पाहिजे; 'आधी दुरुस्ती' हा क्रम घातक ठरतो.

चिन्ह पहिल्या गटातील असेल, तर त्याच दिवशी पुढीलप्रमाणे करावे.

१. नवे काम त्या डिस्कवर करणे थांबवावे. त्या महिन्याचे विवरणपत्र दुसऱ्या संगणकावर भरता येईल.
२. बाहेरून जोडण्याची वेगळी डिस्क किंवा पुरेशा क्षमतेचा पेन ड्राइव्ह आणावा.
३. मोलाने मोठे आणि आकाराने लहान असलेले आधी घ्यावे. प्रथम हिशेबाच्या प्रोग्रॅममधील डेटा, मग बिले, करार, आराखडे, पत्रव्यवहार. त्यानंतर छायाचित्रे आणि सर्वांत शेवटी चित्रपट व गाणी. विंडोज किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम पुन्हा बसविता येतो; त्यांच्या प्रतीत वेळ दवडू नये.
४. पूर्वीची एखादी प्रत असेल, तर तिच्यावर ही नवी प्रत लिहू नये. नव्या प्रतीतील एखादी फाईल आधीच खराब झालेली असू शकते आणि त्या वेळी जुनी, निर्दोष प्रतच उपयोगी पडते.
५. प्रत पूर्ण झाल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. हिशेबाची शेवटची नोंद, एखादे बिल, एखादे छायाचित्र प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याखेरीज प्रत झाली असे समजू नये.

चिन्ह दुसऱ्या गटातील असेल, तर त्या डिस्कवरून विंडोज चालविणे हेच हानिकारक असते. कारण विंडोज चालू असताना काहीतरी सतत वाचले व लिहिले जात असते. संगणक बंद करावा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला दुय्यम डिस्क म्हणून जोडावी व प्रत घ्यावी. हे स्वतःस जमत नसेल, तर जाणकाराकडे सोपवावे. एखाद्या फाईलशी संगणक अडकून राहिला, तर तिचा हट्ट न धरता पुढील फाईलकडे वळावे.

जाणकार तंत्रज्ञ अशा वेळी फाईलमागून फाईल न उचलता संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेतो. 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्रॅम यासाठीच आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब भाग वगळून पुढे जातो आणि शेवटी त्या खराब भागाकडे परततो; कोठवर मजल गेली याची नोंदही ठेवतो. रुग्णालयात गर्दी असताना ज्याला वाचविणे शक्य आहे त्याच्याकडे आधी धाव घ्यावी, असाच हा न्याय आहे. त्यानंतरचे सर्व प्रयोग मूळ डिस्कवर न करता त्या प्रतिमेवर करता येतात.

चिन्ह तिसऱ्या गटातील असेल, तर एकच कृती करावी : विद्युतपुरवठा ताबडतोब बंद करावा आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. "एकदा पाहू या, चालते का" या एका प्रयत्नात हेडने तबकडी खरवडली, तर तज्ज्ञाच्याही हाती काही उरत नाही. अशी डिस्क केवळ धूलिमुक्त कक्षाची सोय असलेल्या माहिती पुनर्प्राप्ती केंद्रातच उघडली जावी. हा खर्च मोठा असतो. म्हणून माहितीचे मोल ठरवून निर्णय घ्यावा आणि लेखी अंदाजपत्रक मागावे.

काय करू नये?

अडचणीच्या क्षणी मनुष्य दुरुस्तीकडे धावतो. पुढील 'दुरुस्त्या' प्रत घेण्यापूर्वी कटाक्षाने टाळाव्यात.

१. 'चेकडिस्क' चालवू नये. हा प्रोग्रॅम फाईलव्यवस्था सुसंगत करण्यासाठी आहे. तुमची माहिती वाचविणे हा त्याचा हेतू नाही. तो संपूर्ण डिस्क तासन्‌तास फिरवतो आणि न जुळणारे तुकडे बदलतो किंवा काढून टाकतो.
२. डिफ्रॅगमेंट करू नये. त्यात विखुरलेल्या फाईली उचलून दुसरीकडे लिहिल्या जातात. आजारी डिस्ककडून एवढी धावपळ करून घेणे म्हणजे तिचा अंत ओढवून घेणे होय.
३. फॉर्मॅट करून विंडोज पुन्हा बसवू नये. लक्षण क्षणभर नाहीसे होईल. माहितीही त्याबरोबर जाईल.
४. हरवलेल्या फाईली शोधणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर बसवू नये आणि सापडलेल्या फाईली त्याच डिस्कवर साठवू नयेत.
५. डिस्क शीतपेटीत ठेवणे, तिला टिचक्या मारणे, झाकण उघडून फुंकर घालणे, हे ऐकीव उपाय करू नयेत. थंड डिस्कवर दमट हवेतील पाणी साचते. आणि उघड्या तबकडीवर बसलेला धुळीचा एक कण हेडच्या मार्गातील डोंगर असतो.
६. तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून बसवू नये. अलीकडच्या डिस्कमध्ये त्या त्या डिस्कपुरते जुळवणीचे तपशील सर्किटवरील चिपमध्ये असतात. नुसती अदलाबदल निरुपयोगी आणि कधी घातकही ठरते.

डिस्क दुसऱ्याच्या हाती देताना

डिस्कमध्ये पॅन, आधार, खातेउतारे, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड असे बरेच काही असते. म्हणून ती देण्यापूर्वी दुसऱ्या सुरक्षित संगणकावरून ईमेल आणि नेटबँकिंगचे पासवर्ड बदलावेत. डिस्कचा अनुक्रमांक लिहून घेतलेली पावती मागावी. "आधी संपूर्ण प्रतिमा घेणार का?" हा प्रश्न अवश्य विचारावा, "आधी फॉर्मॅट करून पाहू" असे उत्तर आले, तर डिस्क परत घ्यावी.

अनेक नव्या लॅपटॉपमधील मजकूर 'बिटलॉकर' पद्धतीने कुलूपबंद केलेला असतो. त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली नसेल, तर डिस्क वाचली तरी मजकूर वाचता येत नाही. ही किल्ली आजच शोधून कागदावर उतरवावी आणि संगणकापासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. एटीएमचा पिन मात्र कोणत्याही फाईलमध्ये कधीही लिहून ठेवू नये.

निकामी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्या तबकड्यांना भोके पाडून ती निरुपयोगी करावी आणि मग ई-कचरा संकलकाकडे द्यावी.

खोटे इशारे

खऱ्या चिन्हांप्रमाणे खोटी चिन्हेही असतात. इंटरनेट पाहताना एकाएकी पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि "आपली हार्ड डिस्क नष्ट होत आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा" असा मजकूर येतो. ही फसवणूक आहे. कोणत्याही संकेतस्थळाला आपल्या डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदी वाचता येत नाहीत आणि खरा इशारा दूरध्वनी क्रमांक देत नाही. ब्राउझर बंद करावा. कोणालाही संगणकाचा दूरस्थ ताबा देऊ नये. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर आणि आपल्या शाखेत कळवावे.

चिप असलेल्या डिस्कविषयी

अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली एसएसडी असते. तिच्यात हलणारा भाग नसल्याने धक्क्याची भीती कमी. पण टकटक ऐकू येण्याचीही सोय नाही. ती कधी केवळ वाचता येईल अशा स्थितीत जाते, तर कधी एका क्षणात संपूर्ण नाहीशी होते. पुसलेली फाईल परत मिळण्याची आशाही तिच्यात फारच थोडी असते. म्हणून एसएसडी असलेल्यांनी चिन्हांवर आणखी कमी आणि प्रतींवर आणखी अधिक विसंबावे. वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देण्याच्या एकमेव प्रतीसाठीही ती योग्य नव्हे.

शाखेतील सहकाऱ्यांसाठी

शाखेतील संगणकाची डिस्क गेली तरी ग्राहकांच्या खात्यांना धोका नसतो. परंतु कर्जप्रस्तावांचे टिपण, पत्रांचे मसुदे, स्थानिक तक्ते हे पुष्कळदा त्याच संगणकावर असतात. चिन्ह दिसताच माहिती तंत्रज्ञान विभागाला कळवावे आणि संगणकाचा वापर थांबवावा. 'आधी प्रत' हे सूत्र येथेही खरे आहे. पण ती प्रत स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ग्राहकाची माहिती बँकेने नेमून दिलेल्या जागीच जाऊ शकते. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला शाखेत बोलावणे तर सर्वथा वर्ज्य होय.

तीन, दोन, एक

सर्वांत उत्तम उपाय चिन्ह दिसण्यापूर्वीचा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. वर उल्लेखिलेल्या वर्कशॉपच्या मालकाने संगणकातील मूळ प्रतीखेरीज एक प्रत बाहेरील डिस्कवर रोज सायंकाळी घ्यावी, ती डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि एक प्रत क्लाऊडवर ठेवावी. क्लाऊड नको असेल, तर दर महिन्याला एक डिस्क नागपूरच्या भावाकडे पाठवावी. बाहेरील डिस्क सतत जोडून ठेवली, तर विजेचा झटका किंवा विषाणू दोन्हींना एकदमच गाठतो. अचानक वीज जाण्यापासून संरक्षणासाठी यूपीएस असावा.

स्वाध्याय

पुढील प्रसंगी आपण काय कराल? उत्तर आधी मनाशी ठरवावे आणि मग वाचावे.

प्रसंग १ : एकोणीस तारीख आहे. उद्या विवरणपत्र भरायचे आहे. डिस्कवर 'सावधान' शेरा आला आहे. संगणक चालतो आहे.
उत्तर : हिशेबाच्या डेटाची प्रत आधी घ्यावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून विवरणपत्र तेथूनच भरावे.

प्रसंग २ : लॅपटॉप मेजावरून पडला. सुरू करताच टकटक ऐकू आले आणि काही सेकंदांनी थांबले.
उत्तर : पुन्हा सुरू करून पाहू नये. वीज बंद ठेवावी आणि माहितीचे मोल असल्यास तज्ज्ञ केंद्राचा सल्ला घ्यावा.

प्रसंग ३ : डिस्क पाच वर्षांची आहे. कोणतेही चिन्ह नाही. प्रतही नाही.
उत्तर : तीनही प्रसंगांत हाच सर्वांत धोक्याचा आहे, कारण येथे घाई करावी असे कोणालाच वाटत नाही. आज सायंकाळी पहिली प्रत घ्यावी.

बँकेत आपण पैसे ठेवतो ते चोर दाराशी आल्यावर नव्हे. माहितीच्या ठेवीलाही तोच नियम लावला, तर डिस्क कधी ना कधी बिघडेलच; पण त्या दिवशी आपल्याला नवी डिस्क विकत घेण्याखेरीज दुसरे काही करावे लागणार नाही.